धाकट्याचे पोट का दुखते?

लहान मूल आपल्या मनातली भीती सरळ शब्दांत सांगत नाही. ती कशी ओळखावी आणि ओळखल्यावर काय करावे, याविषयी या पाठात माहिती दिली आहे. तुमच्या घरी पहिली-दुसरीत जाणारे भावंड असेल, तर हा पाठ त्याच्यासाठी वाचा.

लोणावळ्याच्या पुण्याकडच्या बाजूला वलवण आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता येथूनच जातो. जवळच वलवणचे धरण आहे. ते शंभर वर्षांपेक्षा जुने आहे. त्याचे पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला जाते आणि तेथे वीज तयार होते. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले.

जून महिना लागला की येथे पावसाची झड सुरू होते. कधी कधी आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सकाळी धुक्यातून रंगीबेरंगी रेनकोट चालत येताना दिसतात. जवळ आले की कळते, ही शाळेची मुले आहेत. कोणी पायी जातात, कोणी रिक्षाने, तर कोणी व्हॅनने. पायी जाणाऱ्या थोरल्या मुलीने धाकट्याचा हात घट्ट धरलेला असतो, कारण रस्त्यावर गाड्यांची वर्दळ असते आणि कडेची गटारे भरून वाहत असतात.

येथील लोकांना पाऊस आवडतो, पण ते त्याला भितातही. धरण भरले आणि पाणी सोडायचे झाले, की नदीकाठच्या लोकांना आधी सावध केले जाते. फार पाऊस झाला, तर शाळांना सुट्टी दिली जाते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. ती बातमी ऐकल्यावर अनेक आयांनी आपल्या मुलांना जवळ ओढले असेल.

पाणी सर्वांना दिसते. म्हणून पाण्याजवळ मुलाचा हात कोणी सोडत नाही. पण काही धोके कोरड्या जागी असतात. ते वर्गात, व्हॅनमध्ये, जिन्याखाली किंवा शेजारच्या घरातही असू शकतात. तेथे गाडीचा भोंगा वाजत नाही. तेथे फक्त एखाद्या लहान मुलाचे पोट दुखते.

आता कल्पनेतील एका घरात जाऊ. हे घर वलवणचेच आहे, असे समजा. घरात अब्बा, अम्मी, आठवीत शिकणारी मुलगी आणि दुसरीत शिकणारा तिचा भाऊ आहेत. अब्बा टेंपो चालवतात. मुलीची शाळा जवळ आहे, म्हणून ती पायी जाते. भाऊ मात्र व्हॅनने जातो.

जुलै महिन्यात भावाचे पोट दुखू लागले. ते सकाळीच दुखायचे आणि रविवारी मुळीच दुखायचे नाही. अम्मीने ओवा दिला, गरम पाणी दिले. दवाखान्यातही नेऊन आणले. डॉक्टर म्हणाले, “पोटात तर काही नाही.” अब्बा हसून म्हणाले, “शाळा चुकवायचा बहाणा आहे. मीही लहानपणी असंच करत होतो.”

आणखी एक गोष्ट घडत होती. कपडे धुताना अम्मीला भावाच्या खिशात चिक्कीचे तुकडे सापडत. पावसाळी हवेने ते ओले होऊन कापडाला चिकटलेले असत. लोणावळ्यात राहून चिक्की न खाणारा मुलगा विरळाच! पण अम्मीला याचे नवल वाटले नाही. खिशाला गूळ लागला म्हणून ती त्याला रागावली एवढेच.

एके दिवशी संध्याकाळी बहीण मोज्यांवर इस्त्री फिरवत होती. पावसाळ्यात येथे मोजे वाळतच नाहीत. भाऊ जवळ येऊन बसला.

“आपा, उद्या मला तू शाळेत सोडशील? चालत?”

“एवढ्या पावसात? व्हॅन आहे ना!”

तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “मग मी व्हॅनमध्ये मागे बसू? अगदी मागे?”

“बस की! त्यात काय विचारायचं?”

“काका बसू देत नाहीत.”

बहिणीच्या तोंडावर आले होते, “चल, पाढे म्हण.” पण त्याचा आवाज तिला वेगळा वाटला. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि ती त्याच्यासमोर खाली बसली.

“का बसू देत नाहीत?”

भाऊ आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, “ते मला मांडीवर बसवतात. नको तिथे हात लावतात. नको म्हटलं तरी सोडत नाहीत. मग चिक्की देतात. म्हणतात, ही आपली दोघांची गोष्ट आहे, कोणाला सांगायची नाही. सांगितली तर अम्मी तुलाच मारेल.”

व्हॅनवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचे काम करणारा तो माणूस घरच्यांच्या ओळखीचा होता. ईदच्या दिवशी तो घरी येऊन शीरखुर्मा खाऊन गेला होता. बहिणीच्या मनात एकदम अनेक प्रश्न आले. इतके दिवस का नाही सांगितलेस? ओरडला का नाहीस? चिक्की घेतलीसच का? पण यांतला एकही प्रश्न तिने विचारला नाही. ती एवढेच म्हणाली, “तू मला सांगितलंस, हे फार बरं केलंस. तुझं काही चुकलेलं नाही.”

“तू अम्मीला सांगणार नाहीस ना?”

हा क्षण अवघड होता. भाऊ रडवेला झाला होता. “नाही सांगणार” असे म्हणणे सोपे होते. त्याने तो लगेच शांत झाला असता. पण मग तो उद्या पुन्हा त्याच व्हॅनमध्ये बसला असता. बहीण म्हणाली, “अम्मीला सांगावंच लागेल रे. ती तुला मारणार नाही. ती तुला तिथून सोडवेल. आणि मी तुझ्याजवळच बसेन.”

अम्मीचा आधी विश्वासच बसेना. “तो माणूस? अगं, किती भला आहे तो!” असे ती दोनदा म्हणाली. मग तिला खिशातली चिक्की आठवली आणि ती खालीच बसली. रात्री अब्बा आले. त्यांना इतका राग आला, की ते तसेच पावसात बाहेर निघाले. अम्मीने त्यांना थांबवले. “तुम्ही त्याला मारलंत, तर उद्या पोलीस तुम्हालाच विचारतील. आधी शाळेत जाऊ.” मग अब्बा हळू आवाजात म्हणाले, “पण लोक काय म्हणतील?” त्यावर कोणीच उत्तर दिले नाही. बाहेर पाऊस पडत होता.

सकाळी भाऊ व्हॅनने गेला नाही. अम्मी आणि अब्बा मुख्याध्यापिका बाईंना भेटले. बाईंनी सर्व ऐकून घेतले आणि लिहून घेतले. त्यांनी त्या माणसाला मुलासमोर उभे केले नाही. “खरं सांगतोस ना? शपथ घे,” असेही त्या म्हणाल्या नाहीत. मुलाला तीच गोष्ट चार जणांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावली नाही. त्या माणसाला त्याच दिवशी कामावरून दूर केले आणि दुपारच्या आत पोलिसांना कळवले.

गोष्ट येथे थोडी थांबवू, कारण बाईंनी पोलिसांना का कळवले, हे समजून घेतले पाहिजे. “आपण शाळेतच मिटवून टाकू, शाळेचे नाव खराब होईल,” असे त्या म्हणू शकल्या असत्या का? नाही. कायद्याने तशी मुभा नाही.

मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी आपल्या देशात २०१२ साली एक कायदा झाला. त्याला ‘पॉक्सो’ म्हणतात. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल त्याच्या संरक्षणात येते, मग तो मुलगा असो की मुलगी. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवायला हवी, कारण मुलाच्या बाबतीत “मुलगा आहे, त्याला काय होणार?” असे पुष्कळ लोक म्हणतात.

असा प्रकार ज्याला कळेल, त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा लपवला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण न कळवल्याबद्दलची शिक्षा मुलांना होत नाही. म्हणजे आठवीतल्या बहिणीने कोणा मोठ्या माणसाला सांगावे एवढेच पुरे. पुढचे ओझे मोठ्यांनी उचलायचे असते.

पोलिसांचे नाव ऐकून मुले घाबरतात. कायदा करणाऱ्यांनी त्याचाही विचार केला आहे. मुलाचे म्हणणे त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा जागी लिहून घ्यायचे असते. शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने ते लिहून घ्यावे. त्या वेळी तिच्या अंगावर गणवेश नसावा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, फोटो किंवा शाळेचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही. अब्बांनी “लोक काय म्हणतील?” असे विचारले होते. त्याचे थोडे उत्तर येथे मिळते.

कायदा असला, तरी तो पाळणारी माणसे लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एक दुःखद घटना उघडकीस आली. तेथील एका शाळेत साफसफाईचे काम करणाऱ्या माणसाने बालवाडीच्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याची तक्रार झाली. गुन्हा नोंदवण्यासाठी पालकांना कित्येक तास ताटकळत राहावे लागले. २० ऑगस्टला संतापलेले लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि लोकलगाड्या अनेक तास बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शाळेने पोलिसांना कळवले नाही, म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदवला गेला.

त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने सर्व शाळांसाठी आदेश काढला. शाळेत कॅमेरे बसवावेत, तक्रारपेटी ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची माहिती नेमणुकीपूर्वी पोलिसांकडून तपासून घ्यावी, असेही म्हटले आहे. त्यात सफाई कामगार, पहारेकरी, मदतनीस आणि बसचा चालकही आले. काही अनुचित घडले, तर चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्याआधी २०२२ सालीच शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा आदेश निघाला होता.

कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा भिंतीवर असतो, आणि व्हॅनची मागची जागा त्याला दिसत नाही. तक्रारपेटीही चांगली आहे. पण पहिलीतल्या मुलाला अजून धड लिहिताच येत नाही. तो पेटीत काय टाकणार? त्याची चिठ्ठी म्हणजे त्याचे थोरले भावंड. तो त्याच्याच कानात सांगतो, तेही अर्धेमुर्धे. कधी “पोट दुखतं” म्हणतो, कधी “मला तो सर नको” म्हणतो, तर कधी उगीच रडतो. एखाद्या मुलाचे अंथरूण ओले होऊ लागते. एखादे बडबडे मूल मुके होते. प्रत्येक वेळी कारण भयंकरच असते असे नाही. कधी खरोखर पोटच दुखते! पण विचारून पाहायला काय हरकत आहे?

भारत सरकारने २००७ साली या विषयावर एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यात बोलणे झाले. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी सुमारे दोघांनी “आम्हाला शाळेत मार बसतो” असे सांगितले. लैंगिक त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. “अनोळखी माणसाशी बोलू नकोस” हा आईचा उपदेश योग्यच आहे, पण तो अपुरा आहे. ओळखीच्या माणसालाही “नको” म्हणता येते, हे मुलाला कोणीतरी सांगायला हवे.

माराविषयीही थोडे सांगतो. मी प्राथमिक शाळेत होतो, तेव्हा पाढा चुकला की पट्टीची कड बोटांच्या पेरांवर बसत असे. घरी सांगितले, तर “तूच काही तरी केले असशील,” असे उत्तर मिळे. म्हणून मी सांगणेच बंद केले. तेराचा पाढा मात्र मार खाऊनही आला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींवर बंदी आहे. बेंचवर उभे करून सर्वांसमोर हसे करणे, जातीवरून किंवा भाषेवरून टोचून बोलणे हासुद्धा छळच आहे. आमच्या पिढीला हे कळायला फार उशीर झाला.

घरात सांगण्यासारखे कोणीच नसेल, तर काय करावे? त्यासाठी एक फोन क्रमांक आहे : १०९८. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ही सेवा सुरू झाली. जेरू बिलिमोरिया यांनी तिची सुरुवात केली. रेल्वे स्थानकांवर आणि रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांशी बोलताना त्यांना दिसले, की रात्री-अपरात्री मदत मागायला या मुलांना कोणीच नाही. हळूहळू ही सेवा देशभर पसरली. आता ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. या क्रमांकाला पैसे पडत नाहीत. ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असे म्हणायची गरज नाही. मुले त्याला ‘दस नौ आठ’ म्हणतात, आणि ते चटकन पाठ होते.

आता पुन्हा त्या घरी जाऊ. भावाची गोष्ट एका दिवसात संपली नाही. साध्या वेषातील एक महिला अधिकारी घरी आल्या. त्यांनी त्याच्या चित्रांची वही पाहिली आणि मग हळूहळू प्रश्न विचारले. बहीण ठरल्याप्रमाणे शेजारच्या खोलीत, दार उघडे ठेवून बसली होती, आणि अम्मी त्याच्याजवळ होती. पुढे काही दिवस तो रात्री दचकून उठायचा. बाईंनी त्याला वर्गात पहिल्या रांगेत खिडकीजवळ बसवले, पण त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहणार नाही, याची काळजी घेतली. शेजारच्या एक बाई विचारत आल्या, “काय झालं गं मुलाला?” अम्मी म्हणाली, “आता बरा आहे,” आणि तिने चहा ठेवला.

सप्टेंबर उजाडला. पाऊस कमी झाला. आता बहीणच त्याला शाळेत सोडू लागली होती. तिला दहा मिनिटे लवकर निघावे लागे. रोज तो तिला काही ना काही विचारत असे. धरणातले पाणी खोपोलीला जाऊन परत का येत नाही? ढग घाटात का अडकतात?

एका सोमवारी सकाळी तो अंथरुणात पोट धरून बसला. अम्मी घाबरली. बहीण धावत आली. “काय झालं रे?”

“आपा, आज तेराचा पाढा विचारणार आहेत.”

शब्दार्थ

झड – सतत पडणारा पाऊस
वर्दळ – ये-जा
बहाणा – निमित्त, खोटे कारण
विरळा – क्वचित आढळणारा
मुभा – परवानगी
ताटकळणे – खूप वेळ वाट पाहत थांबणे
दखल घेणे – लक्ष घालणे
पेर – बोटाच्या दोन सांध्यांमधला भाग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भावाचे पोट कोणत्या दिवशी दुखत नसे?
(आ) अम्मीला भावाच्या खिशात काय सापडे?
(इ) पॉक्सो कायदा कधीपासून लागू झाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) “नाही सांगणार” असे बहीण का म्हणाली नाही?
(आ) मुख्याध्यापिका बाईंनी कोणत्या गोष्टी केल्या नाहीत? का?
(इ) लेखकाने लहानपणी घरी सांगणे का बंद केले?

३. ‘त्याची चिठ्ठी म्हणजे त्याचे थोरले भावंड’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

४. वाक्यात उपयोग करा : तोंडावर येणे, दचकून उठणे, ताटकळत राहणे.

५. उपक्रम : आपल्या शाळेतील तक्रारपेटी कोठे आहे, ती किती दिवसांनी उघडतात आणि ती उघडताना कोण कोण हजर असते, हे मुख्याध्यापकांना विचारून वहीत लिहा.